कुंपण खाणारी जमीन

काळ्या जमिनीत घातलेल्या कुंपणाचे खरे रूप पहिला पावसाळा सरल्यावर दिसते. मे महिन्यात दोरी लावून, ओळंबा धरून एका रेषेत उभे केलेले खांब दसऱ्याच्या सुमारास ज्याच्या त्याच्या मर्जीने कललेले असतात. एखादा रस्त्याकडे झुकलेला, एखादा घराकडे, आणि कोपऱ्यातला तर बहुधा आत ओढलेला. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, ताडकळससारख्या गावांत, जुनी वस्ती संपून शेतांचे प्लॉट पडले आणि घरे उठली, तिथे असे खांब जागोजागी भेटतात. घरधनी म्हणतो, मिस्तरीने काम कच्चे केले. मिस्तरी म्हणतो, जमीनच तशी. दोघांचेही थोडेथोडे खरे असते, आणि दोघांनाही ते आधीपासून ठाऊक असते.

ही माती म्हणजे दख्खनच्या लाव्हाचा खडक युगानुयुगे झिजून झालेला भुगा. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर. या चिकणमातीच्या कणाला अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. पाऊस पडला की पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आकसते, भेगाळते. वैशाखातल्या भेगेत हातभर काठी सहज आत जाते. ज्वारी-कापसाला ही जमीन मानवते, खांबाला मानवत नाही. दर पावसाळ्यात ती खांबाला किंचित वर उचलते, कडेला रेटते, आणि उन्हाळ्यात त्याच्याभोवती फट सोडून मोकळी होते. त्या फटीत वरची भुसभुशीत माती ढासळते, त्यामुळे खांबाला पुन्हा जागेवर जायला वाव उरत नाही. पाच-सात वर्षे हे असेच हळूहळू चालत राहते. म्हणीतले कुंपण शेत खाते. इथे जमीन कुंपण खाते.

जुनी माणसे घरे काळीत बांधत नसत. गाव पांढरीत आणि शेत काळीत, अशी वाटणी होती. पांढरीच्या मातीच्या भिंती, वर माळवद, गावात एखादी गढी असली तर तिचे बुरूजही त्याच मातीचे. तिथल्या घराला वेगळे कुंपण लागत नसे. एकाची मागची भिंत हीच दुसऱ्याची हद्द. सगळ्या गावाला मिळून एक गावकूस असे आणि एक वेस. आत कोणी राहायचे आणि गावकुसाबाहेर कोणी, हेही त्याच कुसाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवले, आणि तो हिशेब मराठवाड्यात अजून पुरता मिटलेला नाही. कुंपणावर लिहिताना एवढे तरी नोंदवावेच लागते, की माणसाने सर्वांत भक्कम कुंपणे जनावरांसाठी घातलेली नाहीत. गावकूस ढासळले, वस्ती पांढरी ओलांडून काळीत उतरली, आणि सगळ्यांचे मिळून एक होते त्याच्या जागी ज्याचे त्याचे कुंपण आले.

परसाला आणि मळ्याला मात्र कुंपण पूर्वीही असे. ते विकत घ्यायची वस्तू नव्हती. बोरीच्या काटेरी फांद्यांची बोराटी, बाभळीचे डहाळे, मधूनमधून रोवलेले खुंट, आणि सगळे एकमेकांत अडकवून दाबलेले, की झाली कुपाटी. बलुतेदारांच्या यादीत कुंपण घालणारा कोणी नाही. फाटक सुतार करी, कडीकोयंडा लोहार देई, पण कुपाटी घरच्या माणसांनी किंवा गुढीपाडव्याला वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या सालगड्याने घालायची. ती एका वर्षाचीच. खालून वाळवी लागे, वरून उन्हाने काटे ठिसूळ होत, आणि जे काही धड उरे त्यावर फाल्गुनात होळीसाठी लाकडे जमवणाऱ्या पोरांचा डोळा असे. रात्रीत कुपाटीला खिंडार पडले तर सकाळी घरची म्हातारी दारात उभी राहून शिव्या देई, आणि पोरांची नावे ठाऊक असूनही घेत नसे.

वाळलेल्या काट्यांपेक्षा जिवंत कुंपण टिकाऊ, हेही जुनेच ज्ञान. घायपात, शेर, मेंदी, चिलार, सागरगोटा यांच्या रांगा लावत. फड्या निवडुंगही लावत. तो मूळचा अमेरिकेतला. इथे रानोमाळ पसरला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्यावर जगणारे पांढरे, कापसाळलेले किडे आणून सोडले तेव्हा कुठे आटोक्यात आला. कुंपणाच्या इतिहासातला सर्वांत अचाट प्रकारही जिवंत कुंपणाचाच आहे. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी उत्तरेकडून थेट बऱ्हाणपूरच्या बाजूपर्यंत जकातीची एक रेषा आखली आणि तिच्यावर शेकडो मैल काटेरी झुडपांची भिंत वाढवली. सुरुवातीला तिथेही आपल्या कुपाटीसारखे वाळलेले काटेच रचलेले होते. त्यांना वाळवी लागे, आग लागे, वादळात ते उडून जात. मग १८६७ पासून जकात आयुक्त असलेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी हिरवे कुंपण लावण्यावर भर दिला. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. रेषा १८७९ मध्ये रद्द झाली आणि कुंपण रानात मिसळून गेले. सरकारी बळ, पगारी माणसे आणि मैलोगणती जमीन हाताशी असूनही हवामानापुढे त्यांना काटे बदलून झाडे लावावी लागली, हे एका प्लॉटच्या मालकाला दिलासा देणारे आहे.

दमट हवेतले कुंपण म्हटले की आधी कोकण आठवते. तिथे जांभ्या दगडाचा गडगा चुन्यासिमेंटाशिवाय नुसता रचतात. पाणी फटींतून वाहून जाते आणि दगडाला गंज नसतो. किनाऱ्यालगत खारा वारा साधी जाळी लवकर खातो, म्हणून प्लास्टिकचे आवरण असलेली जाळी घेतात किंवा सरळ चिऱ्याची भिंत बांधतात. परभणीकडे समुद्र नाही, पाऊसही कोकणाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पण कुंपणाच्या दृष्टीने हा हलका मामला नाही. इथे चार महिने ओल आणि आठ महिने वाळवण, असा फेरा चालतो. सतत भिजलेले लाकूड किंवा सतत कोरडे लाकूड पुष्कळ टिकते. भिजून वाळणारे आणि पुन्हा भिजणारे लवकर संपते. जुना खुंट उपटून पाहिला तर हे उघड दिसते. खोल गेलेला भाग काळा पण शाबूत, वरचा भाग भुरका पण टणक, आणि जमिनीलगतची चार बोटे मात्र अशी पोकळ की अंगठ्याने दाबली तरी भुगा पडावा. खाली हवा पुरत नाही, वर ओल टिकत नाही. या चार बोटांत दोन्ही मिळतात, आणि बुरशीला, वाळवीला, गंजाला तेवढेच हवे असते. म्हणून जुने लोक खुंटाचे टोक जाळून कोळसा करीत, डांबर फासत, अलीकडे गाडीचे जळके ऑइल लावतात. लोखंडी अँगलचेही तेच. तो गंजतो तो नेमका जमिनीच्या तोंडाशी.

लाकूड आता परवडत नाही. सागाचे खांब कुंपणाला लावणारा माणूस गावात चर्चेचा विषय होईल. लोखंडी अँगल किंवा सिमेंटचे खांब, त्यांना काटेरी तार नाहीतर जाळी, हा सध्याचा रिवाज. काटेरी तारेचे टिकलेले रूप अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने १८७४ मध्ये पेटंट केले. ती मूळची मोकळ्या कुरणातल्या गुरांसाठी. घराभोवती ती लावणे तसे आडदांडच. लहान मुलांचे चेंडू आणि मोठ्यांची धोतरे दोन्ही तिने फाडली आहेत. घराला जाळीच बरी, चौकटी-चौकटीची, जिला दुकानात चेनलिंक म्हणतात.

जाळी घेताना गेज समजून घ्यावे लागते, आणि तिथे बहुतेक गिऱ्हाईक फसते, कारण गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. ८ गेजची तार सुमारे ४ मिलिमीटर जाड, १० गेजची सव्वातीन, १२ गेजची अडीचच्या थोडी वर. १० ऐवजी १२ घेतली तर लोखंड जवळजवळ एक तृतीयांश कमी लागते. डोळ्याला फरक फारसा कळत नाही, वजनकाट्याला कळतो. म्हणून जाळीचा भाव फुटावर ठरला असला तरी भेंडोळे एकदा काट्यावर चढवून पाहणारे गिऱ्हाईक शहाणे समजावे. तारेवरचा जस्ताचा थर ही दुसरी गोष्ट. जस्त लोखंडाला नुसते झाकत नाही. ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी आसपासचे जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. थर पातळ असला की ही राखण दोन-तीन पावसाळ्यांत संपते. काटेरी तारेला आयएस २७८ आणि जाळीला आयएस २७२१ अशी भारतीय मानके आहेत. तालुक्याच्या दुकानात ती कोणी विचारत नाही. भेंडोळ्यावरची चिठ्ठी वाचायला मात्र पैसे पडत नाहीत.

माल आणण्याआधी हद्द. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ही ३३ फुटांची साखळी सोळा आण्यांत विभागलेली असे आणि म्हातारे अजून जागेचा हिशेब आण्यांत सांगतात. कुंपणाचा खर्च मात्र क्षेत्रावर चालत नाही, घेरावर चालतो. चार गुंठ्यांचा चौकोनी तुकडा ६६ बाय ६६ असेल तर २६४ फूट जाळी लागते. तेच चार गुंठे ३३ बाय १३२ असे लांबट असले तर ३३० फूट. वाटणीत लांबट तुकडा ज्याच्या वाट्याला आला त्याला हे पुन्हा एकदा आठवते. हद्दीबद्दल थोडीही शंका असली तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक येतो, खुणा दाखवतो. हद्दीच्या निशाण्या बिघडवणे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने दंडनीय ठरवले आहे, तरी निशाण्या सरकतात. गावठाणातल्या घरांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने नकाशे होऊ लागले. वरून काढलेल्या चित्रात भिंत स्पष्ट दिसते. ती भिंत वीतभर पुढे कोणी घेतली, हे चित्र सांगत नाही. ते शेजारच्या काकांना विचारावे लागते. आणि काका त्या दिवशी गावाला गेलेले असतात.

दोरी लावायच्या दिवशी शेजाऱ्याला बोलावणे हा साधा शिष्टाचार, पण तो पाळला जातोच असे नाही. पाळला तर दोरी लागेपर्यंत चहा दोनदा होतो आणि खांब कोणाच्या बाजूला, जाळी कोणाच्या बाजूला हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. न पाळला तर तोच प्रश्न पोळ्याला, दिवाळीला आणि शेवटी तंटामुक्तीच्या बैठकीत येतो.

कारागीर कुठे मिळतो? गावच्या हमरस्त्यावर फॅब्रिकेशनच्या दुकानाबाहेर चौकटी, गेट, पत्र्याच्या टाक्या उभ्या असतात. तिथे विचारले की नाव कळते. मराठवाड्यात अशा कामाला गुत्तं म्हणतात आणि ते घेणाऱ्याला गुत्तेदार. जाळीच्या कामाची टोळी लहान असते. एक जाणता मिस्तरी, दोघे खड्डे घेणारे, एक पोऱ्या. बोलणी उभ्याउभ्याच होतात.

“मिस्तरी, फुटाला काय घेता?”

“मालासगट का निस्ती मजुरी, मालक?”

“दोन्ही सांगा ना.”

“जागा पाह्यल्याबिगर कसं सांगावं? काळी हाय का मुरमाड?”

हा शेवटचा प्रश्न ज्याने विचारला त्याला काम द्यायला हरकत नाही. न पाहता भाव सांगणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा भाव कमीही असतो. कमी भावाचे रहस्य जमिनीखाली असते. वर दिसणारी जाळी, रंग, गेटवरची नक्षी यांत कोणी फार चोरी करीत नाही, कारण ती दिसते. अडीच फुटांऐवजी सव्वा फूट खड्डा, सिमेंटऐवजी दगडमाती, हे मात्र काम संपल्यावर दिसत नाही. ते दिसते दोन वर्षांनी, तेव्हा गुत्तेदार दुसऱ्या गावात असतो. म्हणून कारागिराची पारख करायची तर त्याने नुकतेच केलेले काम पाहू नये. दोन पावसाळे खाल्लेले पाहावे. तिथे कोपऱ्याचा खांब हलवून बघावा, गेट एका हाताने लागते का ते बघावे, आणि त्या घरच्या बाईला विचारावे. पुरुष माणूस केलेल्या व्यवहाराचे समर्थन करतो. रोज गेट उघडणारी बाई सांगते ते खरे.

ठरलेले कागदावर असावे, मग तो वहीचा फाटका कागद का असेना. तारेचे गेज, जाळीची उंची, खांबांतले अंतर, खड्ड्याची खोली, सिमेंट कोणाचे, पाणी कोणाचे. इसार किती आणि काम संपल्यावर किती राखून ठेवायचे, हेही. राखून ठेवलेली रक्कम दसऱ्यानंतर द्यायची, असे बोलायला जीभ जड होते, पण चांगला मिस्तरी त्याला कबूल होतो. जो रागावतो त्याने उत्तर दिलेलेच असते. आणखी एक अट घालावी: खड्डा दाखवल्याशिवाय त्यात काँक्रीट टाकायचे नाही.

हंगामाचा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आणि फार दुर्लक्षित. लोक कुंपण घालतात एप्रिल-मेमध्ये, कारण तेव्हा हातात पैसा असतो, लग्नसराईचे पाहुणे येणार असतात, आणि मृग लागायच्या आत उरकायचे असते. त्या वेळी माती पूर्ण आकसलेली असते. भेगाळलेल्या जमिनीत घट्ट बसवलेला खांब दोन महिन्यांनी फुगणाऱ्या मातीच्या तावडीत सापडतो. भर पावसात तर खड्ड्यात पाणी भरते आणि कड ढासळते. खरी वेळ दिवाळीनंतरची. जमीन वाफशावर आलेली असते, म्हणजे हातात घेतली तर चिकटत नाही आणि कुदळीला अडत नाही. विहिरीला, बोअरला पाणी असते, त्यामुळे काँक्रीटला आठवडाभर तरी पाणी मारता येते. मे महिन्यात टँकरचे पाणी पिण्याला की खांबाला, हा प्रश्न पडला की खांब कोरडा राहतो आणि काँक्रीट कच्चे. पण दिवाळीनंतर माणूस मिळत नाही. कापसाची वेचणी चालू असते, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघून गेलेल्या असतात. जमीन तयार असते तेव्हा हात नसतात आणि हात मोकळे असतात तेव्हा जमीन तयार नसते. त्यावर उपाय एकच, की मिस्तरीला दसऱ्याला इसार देऊन बांधून ठेवायचे.

आता खड्डा. पहारीने घेतलेला खड्डा आपोआप वर रुंद आणि खाली निमुळता होतो, भोवऱ्यासारखा. खणणाऱ्याला वर हात हलवायला जागा हवी असते, खाली पहारच तेवढी पोचते. मुरमाड जमिनीत हे चालून जाते. काळ्या जमिनीत हाच आकार घात करतो, कारण फुगणारी माती त्या रुंद खांद्याखाली हात घालते आणि सबंध ठोकळा खांबासकट वर उचलते. खड्डा हवा तो उलटा: वर अरुंद, तळाला थोडा फुगीर. हे शहाणपण मोठ्या इमारतींसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने शास्त्रशुद्ध मांडले. काळ्या मातीसाठी तिथे तळाशी फुगवटा असलेल्या खोल खांबांची पद्धत विकसित झाली आणि देशभर वापरली गेली. घराच्या कुंपणाला एवढा थाट लागत नाही, पण तत्त्व तेच. तळाशी कुदळीचे दोन तिरके घाव जास्तीचे घालावेत. शक्य असेल तिथे वरची फुगणारी माती ओलांडून मुरमापर्यंत जावे. तीन-चार फुटांत मुरूम लागला तर नशीब; नाही लागला तर अडीच फुटांच्या आत खांब थांबवू नये, आणि कोपऱ्याचे व गेटचे खांब त्याहून खोल न्यावेत.

तळाशी वीतभर मुरूम किंवा खडी कुटून घ्यावी, म्हणजे खांबाचे बूड पाण्यात उभे राहत नाही. मग एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असा माल, पाणी बेताचे. कामावरच्या पोऱ्याला पाणी जास्त घालायची खोड असते, कारण पातळ माल घमेल्यातून सहज पडतो आणि फावडे हलके चालते. तो माल वाळला की त्यात बारीक पोकळ्या राहतात आणि त्यातून ओल लोखंडापर्यंत पोचते. खड्ड्याच्या तोंडाशी काँक्रीट जमिनीच्या दोन-तीन बोटे वर आणून खांबापासून चहूबाजूंनी उतार द्यायचा, म्हणजे त्या घातकी चार बोटांशी पाणी थांबत नाही. हे काम पाच मिनिटांचे. शंभरातले नव्वद मिस्तरी ते करीत नाहीत, कारण कोणी सांगत नाही; आणि सांगितले तर लगेच करतात, थापीने गोल फिरवून, मान तिरकी करून बघतात, त्यात त्यांना गंमतही वाटते. उरलेल्या फटीत काढलेली काळी माती परत घालू नये, मुरूम घालून कुटावा. काळी माती बागेला टाकावी.

खांब उभे राहिल्यावर जाळी लगेच ताणायची घाई होते. काँक्रीटची ठरलेली ताकद मोजतात ती २८ दिवसांची. इतके थांबायला कोणी तयार नसते, पण आठवडा तरी जाऊ द्यावा. कोपऱ्याच्या खांबावर दोन दिशांचा ओढा असतो, म्हणून त्याला दोन तिरके टेके हवेत आणि त्या टेक्यांच्या बुडाशीही काँक्रीट हवे. नुसता दगडावर टेकवलेला टेका पहिल्या पावसात खचतो. जाळीच्या वर, मधे आणि खाली अशा तीन आडव्या तारा आधी ताणून घेतात, मग जाळी त्यांत गुंफतात. इथेही उन्हाचा हिशेब आहे. परभणीकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि हिवाळ्याच्या पहाटे दहाच्या आसपास येतो. तीसेक अंशांच्या फरकाने शंभर फूट तार सुमारे एक सेंटिमीटर आखडते. मेच्या दुपारी वीणेच्या तारेइतकी ताणलेली जाळी डिसेंबरात कोपऱ्याचा खांब ओढते. जाणता मिस्तरी म्हणून सकाळी ताणतो, आणि शेवटी तार पिळायच्या जागी टर्नबकल ठेवतो, पुढे ढिले-घट्ट करता यावे म्हणून.

कापलेली टोके, वेल्डिंगचे ठिपके, ड्रिल मारलेली भोके या ठिकाणी जस्त उडालेले असते. तिथे जस्ताचा रंग त्याच दिवशी लावायचा. “उद्या मारू” म्हटलेला रंग बहुधा गेटला लागतो, कारण गेट रस्त्यावरून दिसते. गेटची रुंदी आजच्या गाडीवर ठरवू नये; बैलगाडी मावेल एवढी केलेली फाटके ट्रॅक्टर आल्यावर उखडावी लागली, हे गावागावांत घडले आहे. दहा-बारा फुटांचे दोन पाटांचे गेट बरे. बिजागऱ्या तीन, दोन नव्हेत.

तयार सिमेंटच्या फळ्यांचे कंपाऊंड हा अलीकडचा झटपट प्रकार. खाचेच्या खांबांत फळ्या सोडल्या की दोन दिवसांत भिंत उभी. मुरमावर ती ठीक राहते. काळीत खांब जरा फाकला की फळी खाचेतून निसटते, आणि सगळी भिंत पावसाचे वाहते पाणी अडवून अंगणाचे तळे करते. खालच्या फळीखाली जागा सोडली तर पाणी जाते, पण मग डुकरेही येतात.

कुंपण पुरे झाले की ते फक्त मालकाचे राहत नाही. सगळ्यांत वरच्या तारेवर वेडा राघू येऊन बसतो, तिथून झेप घेतो, माशी पकडून पुन्हा तिथेच येतो. काटेरी तार असली तर खाटीक पक्षी तिच्या काट्याला टोळ नाहीतर सरडा टोचून ठेवतो, सावकाश खायला. घरातल्या बायका आषाढात जाळीला दोडका, कारले, घोसाळी लावतात. वेलांच्या गच्च पानांत ओल दिवसचे दिवस टिकते आणि जाळी तिथेच आधी गंजते, हे कारागीर सांगून थकतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे. तरी श्रावणात दारच्या दोडक्याची भाजी खाताना गंजाचा विचार कोणी करीत नाही, करूही नये. दिवाळीच्या आवराआवरीत वाळलेले वेल मुळासकट ओढून काढले म्हणजे झाले. बुडाशी साचलेली माती आणि गवतही तेव्हाच काढावे, नाहीतर काँक्रीटला दिलेला उतार मातीखाली गाडला जातो.

दसरा झाल्यावर मिस्तरी राखलेल्या पैशांसाठी येतो. मालक त्याच्याबरोबर एक फेरी मारतो. खांब हाताने हलवून बघायचे, गेट दोनदा उघडून लावायचे, सैल झालेली तार टर्नबकलने आवळून घ्यायची. एखादा खांब कललेला निघाला तर तो आत्ताच, जमीन वाफशावर असताना, उकरून सरळ करता येतो. उन्हाळ्यापर्यंत लांबवला तर पहारच लागत नाही. मग पैसे द्यायचे. पुढे दरवर्षी हेच काम मालकाने स्वतः करायचे असते. आठ-दहा वर्षांनी खालची आडवी तार आणि जमिनीलगतची जाळी बदलावी लागते, वरची बहुधा चालते. गंजलेली जाळी भंगारवाला किलोवर नेतो. अँगल शाबूत असले तर बुडाचा गंजलेला फूटभर भाग कापून ते शेताच्या बांधावर रोवतात. तिथे उंची कमी असली तरी चालते. रोही, म्हणजे नीलगाय, तशीही उडी मारून जाते.